भाकरीचे घर

आगमन काळाचा पहिला रविवार आला की वेदीवर जांभळे वस्त्र चढते, आणि त्याच सुमारास आमच्या बेळगावातल्या घराघरांत मनुका, काजू, चेरी आणि संत्र्याच्या साली बरणीत मुरत पडलेल्या असतात. चर्चमध्ये प्रायश्चित्ताचा रंग आणि स्वयंपाकघरात लवंग-दालचिनीचा वास. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ज्या मुलांना शिकवतो, त्यांच्या नजरेतून ही विसंगती सुटत नाही. "टीचर, हे दिवस वाट बघायचे आणि मन आवरायचे, तर मग घरात एवढे गोडधोड कशाला?" असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही जर्मनीतल्या एका पावापर्यंत पोचलो, आणि तिथून पुढे जिथे गेलो ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

शहराचे नाव ड्रेस्डेन आणि पावाचे नाव श्टोलन. लांबट, मधोमध उंचवटा असलेला, वरून पिठीसाखर भुरभुरून पांढराशुभ्र केलेला हा पाव तुमच्यापैकी काहींनी मोठ्या शहरांतल्या बेकऱ्यांत काचेआड पाहिलाही असेल. जर्मन घरांतून मुलांना सांगतात, की हे दुपट्यात गुंडाळलेले बाळ आहे. मरियेने आपल्या पहिल्या बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले, असे संत लूक सांगतो. तेच बाळ इथे पिठात घडवलेले. आम्ही वर्गात त्याचे चित्र दाखवले तेव्हा मुलांनी ते लगेच ओळखले. मोठ्यांना मात्र समजावून सांगावे लागले.

ड्रेस्डेनच्या संत बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या 1474 सालच्या हिशेबात या पावाची नोंद आहे. त्या काळी तो अगदी साधा होता: मैदा, खमीर, पाणी आणि तेल. कारण आगमन काळ हा तेव्हा खरोखरच कडक उपवासाचा काळ होता. मांस तर नाहीच, पण दूध आणि लोणीही वर्ज्य. इटलीत राहणाऱ्याला याचे फार वाटत नसावे, त्याच्याकडे ऑलिव्हचे चांगले तेल होते. पण ऑलिव्हचे झाड जर्मनीच्या थंडीत वाढत नाही, आणि तिथल्या बियांच्या तेलाला चव बेताचीच. नियम रोममध्ये झाला आणि त्याचा कोरडा घास सॅक्सनीत घशाशी अडकला. शेवटी सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपमहाशयांकडे अर्ज केला, आणि 1491 साली पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायला परवानगी देणारे पत्र पाठवले. इतिहासात ते 'लोण्याचे पत्र' म्हणूनच ओळखले जाते.

आज तोच उपवासाचा पाव कसा झाला आहे बघा. ड्रेस्डेनचे नाव लावायचे असेल तर 100 किलो मैद्याला निदान 50 किलो लोणी, 65 किलो मनुका, 20 किलो साखरेत मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली आणि 15 किलो बदाम घालावे लागतात. मार्गारीन चालत नाही. आमच्याकडच्या कोणत्याही काकूंनी हे प्रमाण ऐकले तर त्या म्हणतील, मग यात पाव उरला कुठे?

तरीही मुलांच्या प्रश्नाचे उत्तर या पावातच आम्हाला मिळाले. हा पाव भाजल्यावर लगेच कापायचा नसतो. कापडात गुंडाळून थंड जागी ठेवायचा, दोन-तीन आठवडे मुरू द्यायचा, मग नाताळाला कापायचा. आपल्या बरणीतल्या मनुकांचेही तेच. घरात वास दरवळतो आहे, बरणी समोर दिसते आहे, आणि हात लावायचा नाही. आगमन काळ म्हणजे काय, हे लहान मुलाला याहून सोपे करून आम्हाला तरी सांगता आलेले नाही. ज्याची वाट बघायची ते घरात आलेले आहे, पण अजून उघडलेले नाही.

इथवर सगळे गोड आहे. पण त्या लोण्याच्या पत्राला एक काटा होता आणि तो आम्ही वर्गात झाकून ठेवत नाही. राजघराण्याला लोणी मोकळे झाले. इतरांनी लोणी खायचे तर दरवर्षी पैसे भरायचे, आणि ते पैसे फ्रायबर्गच्या चर्चच्या बांधकामाला जायचे. फ्रान्समध्ये रुआँच्या कॅथेड्रलला एक मनोरा आहे, त्याला लोक 'लोण्याचा मनोरा' म्हणतात, त्याचेही कारण हेच. ज्याच्या गाठीला पैसा त्याच्या पावाला लोणी. मार्टिन ल्यूथर यांनी 1520 साली जर्मन उमरावांना उद्देशून जे लिहिले त्यात या लोण्याच्या परवान्यांवर चांगलेच कोरडे ओढले आहेत. आम्ही कॅथलिक आहोत म्हणून ते अमान्य करावे असे आम्हाला वाटत नाही. चर्च बांधायला पैसा लागतो हे खरे, आमच्या हॉलच्या पत्र्यांसाठीही आम्ही दारोदार फिरलेलो आहोत. पण गरिबाच्या उपवासावर कर बसवून उभारलेल्या मनोऱ्याकडे मान वर करून बघणे जड जाते.

गोड पदार्थ आणि मोठ्या लोकांचा थाट यांची गाठ पुढेही सुटली नाही. 1730 साली सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाने जवळजवळ 1.8 टन वजनाचा एकच श्टोलन भाजून घेतला. तो ओढायला आठ घोडे लावले. निमित्त सैन्याच्या मोठ्या तळाचे होते आणि महिना होता जूनचा. नाताळाचा पाव जूनमध्ये, तोफांच्या शेजारी! असो.

ड्रेस्डेनहून नैऋत्येला न्यूरेंबर्ग आहे. तिथला पदार्थ लेबकूखन, मधाचा आणि मसाल्याचा. त्या शहराभोवती मोठे राखीव जंगल, जंगलात मधमाश्या पाळणारे लोक, त्यामुळे मध भरपूर. आणि व्हेनिसहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी रस्त्यांचा संगम, त्यामुळे मिरी, सुंठ, वेलची, लवंग, दालचिनी. यातली मिरी, सुंठ आणि वेलची बरीचशी आपल्याच पश्चिम किनाऱ्याहून, मलबारच्या बंदरांतून गेलेली. 1395 साली तिथे लेबकूखन करणाऱ्याचा उल्लेख कागदोपत्री सापडतो, आणि 1643 साली या कारागिरांचा स्वतंत्र संघ झाला.

लेबकूखनची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. मधाचे पीठ चिकट, ते भट्टीच्या पत्र्याला धरते. म्हणून ते एका पातळ पांढऱ्या चकतीवर थापून भाजतात. ही चकती म्हणजे मिस्सेत अर्पण होते त्याच धाटणीची ओस्ती, अर्थात आशीर्वाद न दिलेली. मठांमधून ओस्त्या तर होतच असत, आणि लेबकूखनही मठांच्या स्वयंपाकघरांत होत असे. आजही चांगला लेबकूखन उलटा करून पाहिला तर खाली ती चकती दिसते. वर बदाम, मध, मसाला. खाली तीच, जी आपण जिभेवर घेतो.

याच न्यूरेंबर्गमध्ये 1487 साली सम्राट तिसरा फ्रीडरिख आला होता. त्याने शहरातली चार हजारांच्या आसपास मुले बोलावली आणि प्रत्येकाला एकेक लेबकूखन दिला. प्रत्येकावर सम्राटाचा चेहरा छापलेला होता. मुलांना काय, खाऊ मिळाला. पण आम्ही हे वाचले आणि थांबलो. खाऊवर देणाऱ्याचा चेहरा! हे आपण कुठे पाहिले आहे? तुम्हीही पाहिले असेल. डिसेंबरात वस्त्यांमध्ये केकचे डबे वाटले जातात, डब्यावर फोटो, मागे फलकावर फोटो, आणि घेणाऱ्याने डबा छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायचे. सव्वापाचशे वर्षांत छपाई तेवढी सुधारली.

आता त्या घराकडे येऊ, ज्याच्यामुळे हा सगळा अभ्यास सुरू झाला. गेल्या वर्षी वर्गातल्या मोठ्या मुलांनी मोबाइलवर आल्याच्या बिस्किटांचे घर पाहिले आणि हट्ट धरला: गोठ्याच्या शेजारी आपणही असे घर करू या. प्रत्येकाने घरून एक करून आणावे आणि स्पर्धा ठेवावी, अशी त्यांची कल्पना होती. आम्ही स्पर्धेला नकार दिला. घरी ओव्हन असलेली मुले आमच्या वर्गात मोजकी, आणि लोणी-बदामाचा खर्च कोणाला परवडेल, कोणाला नाही, हे आम्हाला माहीत होते. एकच घर करायचे, सगळ्यांनी मिळून करायचे, असे ठरले.

एका वडीलधाऱ्या आजोबांनी हे ऐकून सरळ विचारले, "हे आपले कधीपासून झाले? करंज्या करा, कलकल करा. ही परदेशी थेरं कशाला?" आम्ही त्यांना उलट बोललो नाही. पण मुलांना मात्र सांगितले, की आजोबा ज्या पावाबरोबर सकाळचा चहा घेतात तो भट्टीचा पाव पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. तेव्हा खमीर मिळेना म्हणून पोदेर माडाची सूर घालून पीठ फुगवत. तो पाव आता आपला झाला. आणि या घराच्या भिंतीतली सुंठ-मिरी तर आपलीच, फक्त लांबचा फेरा मारून परत आलेली.

असे घर करण्याची पद्धत जर्मनीत रुजली ती ग्रिम बंधूंच्या गोष्टीमुळे. 1812 साली त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला भाग निघाला, त्यात हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची गोष्ट आहे. गोष्ट सर्वांना ठाऊक असते ती चेटकिणीची. पण ती सुरू होते कुठून? लाकूडतोड्याच्या घरात खायला नाही. चौघांना पुरेल एवढी भाकर नाही, म्हणून आईबाप पोरांना जंगलात सोडून यायचे ठरवतात. पुढच्या आवृत्त्यांत ग्रिम बंधूंनी त्या आईची सावत्र आई केली, पहिल्या आवृत्तीत ती आईच आहे. भूक काय करते, हे त्यांना आधी लिहिता आले आणि नंतर सोसले नाही, असे आम्हाला वाटते. हान्सेल आपल्या वाटणीच्या भाकरीचा चुरा वाटेवर टाकत जातो, घरी परतायची खूण म्हणून. तो चुरा पाखरे खातात. मग तीन दिवसांच्या उपाशी पोरांना जंगलात घर दिसते. आपण आज ज्याला आल्याच्या बिस्किटांचे घर म्हणतो, ते ग्रिमांच्या गोष्टीत भाकरीचे आहे: भिंती भाकरीच्या, छप्पर केकचे, खिडक्या साखरेच्या. उपाशी पोराला स्वप्नात जे दिसेल तेच.

आणि आत कोण बसले आहे? त्या भाकरीच्या बदल्यात पोरालाच खाणारी. गोड देऊन मालकी सांगणारे घर. मुलांना ही गोष्ट सांगताना आम्ही एवढ्यावर थांबलो, कारण एका मुलीने मध्येच म्हटले, "टीचर, भाकरीचे घर म्हणजे बेथलेहेम ना?"

बरोबर होते तिचे. दोनच आठवड्यांपूर्वी आम्ही शिकवले होते, की हिब्रू भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. (अरबीत त्याच नावाचा अर्थ मांसाचे घर असा होतो, ज्या गावात शब्द देह झाला त्या गावाला तोही साजतो.) पण भाकरीच्या त्या घरातही एकदा भाकर संपली होती. रूथचे पुस्तक तिथूनच सुरू होते. देशात दुष्काळ पडतो, आणि नामी नवऱ्याबरोबर, दोन मुलांबरोबर बेथलेहेम सोडून मवाबात पोट भरायला जाते. तिथे नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. नामी रिकाम्या हातांनी परत येते, सोबत फक्त सून, तीही परमुलखातली. दिवस असतात सातूच्या कापणीचे.

रूथ शेतात सरवा वेचायला जाते. आपल्याकडे ज्वारी-भुईमुगाच्या काढणीनंतर बाया सरवा वेचायला जातात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मोशेच्या नियमशास्त्राने शेताचा कडेचा भाग आणि गळालेली कणसे गरिबासाठी आणि परक्यासाठी राखलेली होती. म्हणजे ते दान नव्हते, हक्क होता. पण बवाज त्याच्याही पुढे जातो. तो गड्यांना हळूच सांगून ठेवतो, की पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम ओढून खाली टाका, तिला वेचू द्या, आणि तिला काही बोलू नका. रूथला वाटते, आज नशीब चांगले. संध्याकाळी ती झोडून मोजते तर एफाभर सातू भरतात. देणाऱ्याचा चेहरा एकाही दाण्यावर छापलेला नाही. याच रूथच्या वंशात दावीद जन्मला, आणि त्याच गावात पुढे येशू; जनावरे जिथे खातात त्या गव्हाणीत ठेवलेला, आणि मोठेपणी स्वतःला भाकर म्हणवून घेणारा.

हे सगळे आम्ही शिकवत होतो, आणि त्याच आगमन काळात आमच्याच वस्तीत एक दार बंद झाले होते. ओळख पटू नये म्हणून मोघमच सांगतो. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचे फाउंड्रीतले काम पावसाळ्यात सुटले होते. पोरगा वर्गाला यायचा, हसायचा, पण घरचे काही बोलायचा नाही. आमच्याकडे नाताळाची ताटे आधीच फिरू लागतात. क्रोशाचा रुमाल झाकलेले ताट शेजारी जाते, हिंदू घरी, मुसलमान घरी, ख्रिस्ती घरी. आणि ताट रिकामे परत येत नाही. आपल्यात तशी रीतच आहे. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालून पाठवायची. ताट घेऊन गेलेल्या मुलीला त्या घरच्या आईने दार न उघडता आतूनच सांगितले, "आम्ही ह्या वर्षी गावाला जाणार हाय, नको." ते कुठेही जाणार नव्हते.

तिला चार करंज्या नको होत्या असे नाही. परतीचे ताट भरायला तिच्याकडे काही नव्हते.

पॅरिशमधल्या काही जणांनी सुचवले, की दोन-तीन गरजू कुटुंबांना तांदूळ, तेल, केक असे पाकीट करून रविवारच्या मिस्सेनंतर फादरांच्या हस्ते देऊ, म्हणजे इतरांनाही द्यायची प्रेरणा होईल. सुचवणाऱ्यांचे मन चांगले होते, यात शंका नाही. आम्ही नको म्हटले. थोडी बोलाचाली झाली. शेवटी ठरले ते असे: नाताळाच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांनी फराळ हॉलमध्येच करायचा. कोणी काय आणायचे ते लिहून घ्यायचे नाही. मधल्या मोठ्या टेबलावर जे येईल ते ठेवायचे. आपला एक रिकामा डबा मात्र प्रत्येकाने आणायचा, आणि जाताना सगळ्यांनी सारखे भरून न्यायचे.

आम्ही त्या आईकडे गेलो ते काही द्यायला नाही, मागायला गेलो. कलकल वळायला माणसे कमी पडत होती, आणि तिचा हात त्यात चांगला हे वस्तीला माहीत होते. "वहिनी, शनिवारी या. पोरींना शिकवायला कोणी नाही," एवढेच बोललो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "मैदा किती भिजवणार हाय?"

ती आली, येताना नवा कंगवा घेऊन आली. ज्यांनी कलकल केले आहेत त्यांना ठाऊक आहे. पिठाची गोळी कंगव्याच्या दातांवर दाबून सर्रकन गुंडाळायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळकटी होते. तिच्या हाताखाली चार तासांत परातीच्या पराती भरल्या. आजोबाही करंज्यांच्या टेबलावर कातणे घेऊन बसले होते. संध्याकाळी डबे भरले तेव्हा तिचा डबा सगळ्यांइतकाच भरला, आणि कोणाचे कुठले हे सांगायची सोय राहिली नव्हती. नाताळाच्या दिवशी तिच्या घरून तीन ताटे निघाली. एक आमच्याकडे आले. आम्ही ते अर्थातच रिकामे परत केले नाही.

त्याच शनिवारी हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुलांचे घर उभे राहत होते. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे साचे कापले. मैद्यात काकवी, थोडा मध, सुंठ, दालचिनी, लवंग आणि चिमूटभर मिरी घातली. इथे उसाचे गुऱ्हाळ जवळ, तेव्हा काकवीला तोटा नाही. जाड लाटून भिंती कापल्या आणि पत्रे कॅम्पातल्या एका बेकरीच्या भट्टीवर नेले. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा आम्ही नाताळाच्या केकचे डबेही असेच चिठ्ठी लावून भट्टीवर नेत असू. भट्टीवाल्या मामांना त्याची आठवण होती, त्यांनी पैसे अर्धेच घेतले. खिडक्यांच्या भोकांत लिमलेटच्या गोळ्या कुटून भरल्या. उष्णतेने त्या वितळल्या आणि निवल्यावर पिवळ्या-तांबड्या काचा झाल्या. जोडायला अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर. भिंती रात्रभर डब्यांच्या आधाराने उभ्या ठेवल्या, छप्पर दुसऱ्या दिवशी. घाई केली तर छपराच्या वजनाने भिंती फाकतात. बेळगावची डिसेंबरची कोरडी थंडी या कामाला चांगली. गोव्याच्या दमट हवेत हे घर दोन दिवसांत मऊ पडले असते. छपरावर बर्फ नको असे मुलांनी ठरवले. बिस्किटांच्या तुकड्यांची मंगलोरी कौले बसवली.

खरी चर्चा झाली ती दारावरून. दार वेगळे भाजलेले होते, ते चिकटवायचे कसे? एकाचे म्हणणे, बंद करू या, नाहीतर मुंग्या आत जातील. दुसऱ्याचे, चेटकिणीचे दार बंद असते, आपले कशाला? मग त्यातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले, "पण टीचर, ह्यात राहणार कोण?" कोणी उत्तर दिले नाही. तिने गोठ्यातली मरिया आणि योसेफ उचलून घराशी आणले. मूर्ती दारापेक्षा मोठ्या, आत जाईनात. मरिया-योसेफला बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, हे त्या पोरांना पाठ होते. ती गंभीर झाली. शेवटी दार सताड उघडे चिकटवले आणि मूर्ती दाराबाहेर, अंगणात ठेवल्या. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्यांचे काम झाले.

जानेवारीत तीन राजांच्या सणाला मिस्सेनंतर घर फोडले. तोवर ते इतके कडक झाले होते, की हॉलच्या स्वयंपाकघरातला बत्ता आणावा लागला. पहिला घाव घालायला कोणी पुढे येईना. मग ज्याचे बाबा फाउंड्रीत होते त्याच मुलाने बत्ता घेतला आणि छपराची कौले उडवली. तुकडे चहात बुडवून खाल्ले, तसे ते चांगले लागतात. आजोबांनी दोन भिंती संपवल्या. दार कोणाला मिळावे यावर मुलांत थोडी भांडणे झाली, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ते त्या धाकट्या मुलीच्या वाट्याला आले, आणि घरी न्यायला कागद शोधून देईपर्यंत तिने ते उभ्या उभ्या खाऊन टाकले होते.